तैवानहून आईचं पथ्य

३ मार्च, मंगळवार
आज आईची टॅबलेटवरून व्हिडिओ तपासणी. गावी सकाळचे अकरा, इथे बारा – म्हणजे बरोब्बर माझी जेवणाची सुट्टी. डबा तसाच ठेवला आणि कारखान्यामागे पाइपांच्या ढिगावर बसून फोन लावला. घरी खामफोंग मावशी टॅबलेट धरून. ती गावची आरोग्यसेविका, शेजारचीच. शंभर किलोमीटरवरच्या शहरातून डॉक्टरीणबाई. आणि तैवानहून मी!
बाई म्हणाल्या, मूत्रपिंडं शंभरातली बावीस उरलीत. पंधराच्या खाली गेली की पोटात नळी घालायची, रोज चार वेळा पाणी भरायचं आणि काढायचं.
आई म्हणाली, "बरं लेकी. तू जेवलीस का?"
मी मध्येच सुरू झालो. पपईच्या कोशिंबिरीत आंबवलेल्या माशांचा खार घालणं बंद करा, मीठ बंद करा, हे करा, ते करा. सुट्टी संपली. डबा राहिला.

४ मार्च
मावशीने कबूल केलं. तपासणीआधी ती माशांचा माठ कॅमेऱ्याबाहेर सरकवते आणि त्याच्या जागी कोबीचा गड्डा ठेवते. तोच कोबी म्हणे त्या दिवशी पाच घरी फिरतो.
म्हणजे टॅबलेटमध्ये जेवढी दिसते तेवढीच आई पथ्यावर.

१९ मार्च
आईशी भांडलो. म्हटलं, मी इथे जादा पाळ्या कुणासाठी करतो? तर म्हणे, तैवानला काम करायला गेलास की तोंड चालवायला? माठ शेजारी दिला म्हणते. शेजार म्हणजे मावशीचं घर – सात पावलं!

७ एप्रिल
एकोणीस. या वेळी माठ खरंच गेलाय, मावशीने विहारात नेऊन शपथ घ्यायला लावली आईला. तरी तीनने उतरलं. कशाने?

१४ एप्रिल
आमचं नवं वर्ष. गावात रिवाजाप्रमाणे सगळे एकमेकांना पाण्याने भिजवताहेत. मी दिवसभर कारखान्यात नळांना आटे पाडले.

५ मे, मंगळवार
बाईंनी आज घरातली सगळी औषधं एकेक करून कॅमेऱ्यासमोर धरायला लावली. आईने टोपली आणली. रक्तदाबाची, रक्ताची, पोटाची. टोपली रिकामी झाली. मला राहवेना.
"आणि माझ्या दाखव की. तैवानच्या."
आई म्हणाली, त्या राहू दे. मी हट्टच धरला. इथे माझ्या खोलीत राहणारे सगळे कामगार त्याच गोळ्या घरी पाठवतात. स्टेशनजवळच्या दुकानातली पिवळी डबी, एका तासात गुडघा मोकळा. शेवटी मावशीने आईच्या उशीखालून काढली.
बाईंनी डबी जवळ धरायला सांगितली. सुलटी, उलटी.
"आजी, ही दुखण्याची गोळी. पहिल्याच दिवशी मी हिलाच नको म्हटलं होतं. मूत्रपिंडं हीच खाते. रोज किती घेता?"
"दोन."
"कधीपासून?"
"पोरगा तिकडे गेल्यापासून."
तीन वर्षं. मी फोन पालथा ठेवला.

६ मे
आईला विचारलं, माहीत होतं तर घेत का राहिलीस? म्हणाली, "दर रविवारी तू विचारायचास, गोळ्या घेतेस ना. दर रविवारी खोटं कसं बोलू?"
डॉक्टरशी खोटं बोलता येतं तिला. माझ्याशी नाही.

७ मे
खोलीतल्या सातही जणांना सांगितलं. दोघांनी लगेच घरी फोन लावला. बाकीचे म्हणाले, तू कधी डॉक्टर झालास?

२ जून, मंगळवार
चौदा.
दोन आठवड्यांत नळी. औषधी पाण्याच्या पिशव्या हॉस्पिटल घरपोच पाठवणार. पण बदलणार कोण? आईची बोटं वाकडी, मोतीबिंदू. मावशीकडे वीस घरं. तरी आई म्हणे, माझी मी करीन, पोराला यायला सांगू नका, करार मोडला तर कारखानावाले परत घेत नाहीत.
मी माहिती काढून ठेवली होती. म्हटलं, खोली बंद हवी, पंखा बंद हवा, मास्क हवा, हात दोन मिनिटं धुवायचे. एकूण अकरा सूचना दिल्या.
बाईंनी सगळ्या ऐकून घेतल्या. म्हणाल्या, "बरोबर आहेत, तैवानवाले. हात कुणाचे?"

३ जून
आटे पाडले. तीनशे नळांचे आटे वाकडे गेले. साहेब ओरडला, ऐकू आलं नाही.

७ जुलै, मंगळवार
घरी, आईच्या खाटेशी, मी हात दोन मिनिटं धुतले, मास्क लावला, पिशवी टांगली, जोडली. बाई टॅबलेटवरून बघत होत्या. म्हणाल्या, "हात छान बसलाय यांचा. आजी, तुमचा तैवानवाला आज बोलत नाही तो?"
"कुठला बोलतोय," आई म्हणाली. "जोडणाऱ्याने तोंड बंद ठेवायचं असतं."