आठ घुंगरांचं कडं

आबा, आपला लेथ विकायचा का, असं आईनं मला विचारलंय. परवा जेवणाच्या सुट्टीत तिचा फोन आला. कुपवाडातलाच एक जण शेड बघून गेलाय, दसरा झाला की न्यायला येतो म्हणतोय. "तू येणार असशील तर ठेवते, न्हाईतर देऊन टाकते. नऊ वर्सं झाली, नुसतं पुसून पुसून हात दुखाय लागलं माझं." तुम्ही गेल्यापासून दर खंडेनवमीला ती त्या बंद लेथला हळद-कुंकू लावते, झेंडूची माळ घालते आणि मला फोटो पाठवते. मी इथं कोइमतूरला, पंपाच्या कारखान्यात. तुमच्या मागं हे माझं पाचवं गाव. कुठं जीव लागत नाही. बटण दाबायचं, मशीनचं दार लागतं, काम आतल्या आत होतं, दार उघडलं की तयार माल उचलायचा. माझ्याशी मराठीत बोलणारं इथं कुणी नाही. दिवसभरात मी तोंड उघडतो ते जेवायलाच.

आईनं आणखी एक सांगितलं. शिराळ्याची रसवाली मावशी शेडवर येऊन गेली. नागपंचमीच्या गर्दीत तिच्या उसाच्या रसाच्या मशीनचं घुंगरांचं कडं तुटलं. तुम्हाला आठवतच असेल ते. बाहेरून मोटरवरची मशिनं आली, आपल्या शेडमधलं हातानं फिरवायचं मशीन कुणी घेईना, तेव्हा तुम्ही भंगारातली गिअरपेटी बसवून स्वतःचं मोटरचं मशीन केलं आणि पहिलं तिला दिलं. आठवड्याच्या आत मावशी ते मशीन टेंपोत घालून परत आली. "आवं, मशीन ब्येस हाय, पण मुकं हाय. कोण मान वर करून बघंना. माणसं तशीच फुडनं निघून जात्यात." तुम्ही हसला नाहीत. घुंगरं आणलीत, मोटरच्या शाफ्टवर बांधलीत, मोटर सुरू केलीत, तर नुसती घरघर. मावशी म्हणाली, "ही बी मुकीच निघाली की." तुम्ही उकिडवे बसून बघत राहिलात. मग मला जवळ बोलावलंत. "लय जोरात फिरतंय, म्हणून घुंगरातली गोळी एका बाजूला चिकटून बसतीया. तिला पडाय सवड पायजे." लेथवर पितळेचं कडं कातून काढलंत, त्यात आठ घुंगरं अडकवलीत आणि सावकाश फिरणाऱ्या रोलरच्या टोकाला ते बसवलंत. आवाज ऐकून शेजारच्या शेडमधली माणसं हात पुसत बाहेर आली. मावशीनं तिथंच ऊस घातला, सगळ्यांना रस पाजला. मी दोन ग्लास प्यालो होतो.

त्यानंतर प्रत्येक मशीनला कडं. घुंगरं ओवायचं काम माझ्याकडं. शाळा आठवीत सुटलेली, मी अठरा वर्षांचा झालेलो, आणि कामावर निघालेली माझ्या वयाची पोरं गाडी थांबवून विचारायची, "काय गड्या, आज कुठल्या फडात नाचायचंय?" हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. विट्याच्या माणसाची चार मशिनं जायची होती, त्या दिवशी तुम्ही मिरजेला डॉक्टरकडं गेला होता. मी चारही मशिनं कड्यांशिवाय टेंपोत चढवली. तुम्ही आलात ते फळीवरची कडी बघतच. "ही का ऱ्हायली रं?" मी म्हणालो, "त्यास्नीच नको हुती. जुनाट दिसतंय म्हणालं." तुम्ही ओरडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही कडी एका डब्यात टाकलीत आणि झाकण लावलंत. पुढचं मशीन झालं तेव्हा मीच विचारलं, कडं? "ऱ्हाऊ दे. लोकास्नी नको असंल तर कशाला."

विट्याचा माणूस असं काही म्हणालाच नव्हता, आबा. उलट टेंपोत चढताना विचारत होता, घुंगरं कुठायत. मी सांगितलं, आता बंद केली. मग आपलं मुकं मशीन आणि बाहेरचं मुकं मशीन, यात बाहेरचं जास्त चकचकीत. वर्षभरात ऑर्डरी थांबल्या आणि पुढच्या उन्हाळ्याच्या आत तुम्ही गेलात. आपलं डोकं लोकांना जुनाट वाटलं, असंच समजून गेलात.

परवा त्याच फोनवर आईनं विचारलं, "येवढी चांगली घुंगरं, का बंद केली हुती रं तुझ्या आबानं?" मी म्हणालो, "मला काय म्हाईत." इथं गेटसमोर एक रसाची गाडी असते, तिचं मशीनही मुकंच फिरतं. मी तिच्याकडं बघत फोन कानाला लावून उभा होतो. मग एकदम बोलून गेलो, "लेथ देऊ नको. मावशीला सांग, खंडेनवमीला येतो, कडं करून देतो. तेवढा डबा शोधून ठेव." आई म्हणाली, "शोधायचाय कशाला? फळीवरच हाय. मी त्यो बी पुसतीया."

हे पान पाठवायचं तरी कुठं. आईला दाखवायचं धाडस नाही, म्हणून घडी घालून पेटीत कपड्यांच्या खाली ठेवतोय. तिनं मावशीला निरोप धाडला, लेथ न्यायला येणाऱ्यालाही नको म्हणून कळवलं. माझ्या शब्दावर. आबा, मी अजून तिकीट काढलेलं नाही.