पॅडमागचे स्क्रू

बाबांना,

तुम्ही गेल्यानंतर तुमचा जुना इलेक्ट्रॉनिक ड्रम सेट काल पहिल्यांदा लावला. ताईच्या मुलीला तो हवा आहे. तिने काठी मारली आणि स्पीकर फाटल्यासारखा ओरडला.

"मामा, मी हळूच मारलं रे."

"हळू म्हणे! आजोबांवर गेलीय, घर डोक्यावर घेणार," ताई म्हणाली.

दोष तिचा नव्हता. आजारपणात तुमच्या हातातला जोर कमी होत गेला, तेव्हा सफाईच्या निमित्ताने मी सेट उघडायचो आणि प्रत्येक पॅडमागचा, आवाज कमी-जास्त करणारा बारीक स्क्रू थोडा पुढे फिरवायचो. मग हलक्या फटक्यालाही पूर्वीइतकाच आवाज येई. तुम्ही म्हणायचात, "बघ, हात अजून शाबूत आहे." मी मान डोलवायचो. तुम्हाला कळू नये, एवढंच मला हवं होतं.

स्क्रू कुठवर आणला, त्याची मी पेन्सिलीने खूण करून ठेवत असे. काल पाहिलं, तर सगळे स्क्रू माझ्या खुणांच्या पुढे, अगदी टोकाला होते. त्या सेटला आपल्या दोघांशिवाय कुणी हात लावत नसे.

म्हणजे शेवटी मला वाजवून दाखवण्याआधी तुम्हीच ते फिरवले होते. थरथरत्या बोटांनी एवढासा स्क्रू धरायला किती त्रास झाला असेल, ते माझ्या डोक्यातून जात नाही.

मी सगळे स्क्रू मूळ जागी आणले. ताईने आतून विचारलं, "झालं का रे?"

"झालं," मी म्हटलं. "आता कुणालाही वाजवता येईल."

तुमचा,
धाकटा