काकांची कावीळ आणि बुवांचा सत्कार

नेसरी, २ जून २०२४

चि. अनुजास सयाजीकाकाचे अनेक आशीर्वाद.

माझी कावीळ गेली! गावातल्या बुवांची काविळीवरची माळ डोक्यावर घातली, ती वाढत वाढत कमरेपर्यंत आली आणि रोग उतरला. तू पुण्याच्या प्रयोगशाळेत काविळीच्या विषाणूमागं कधीची लागलीयास, बुवांनी पंधरवड्यात उरकलं. सोळा तारखेला त्यांचा सत्कार हाय. फ्लेक्सवर तुझाबी फोटो टाकलाय. दोन शब्द बोलायला ये की.

माया हाय तशी राहू दे.

पुणे, ७ जून

ती. स्व. काकांना अनुजाचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही बरे झालात, फार बरं वाटलं. फ्लेक्सवरचा माझा फोटो मात्र उतरवा. माळेतल्या काड्या सुकल्या की गाठी सैल होतात आणि माळ लांबते. म्हशीच्या गळ्यातही लांबेल. रोगाशी झुंजल्या त्या तुमच्या यकृताच्या पेशी. विषाणू शिरला की पेशी त्याला ओळखते आणि शेजारच्या पेशींना सावध करणारं इंटरफेरॉन सोडते. मग त्या शेजारणी विषाणूला स्वतःच्या प्रती सहजासहजी काढू देत नाहीत.

पण दर वेळी हे जमतंच असं नाही. तुमच्या तपासणीत निघालेला ‘ई’ विषाणू पाण्यातून येतो आणि गरोदरपणी जिवावर बेततो. स्वप्नालीवहिनींना सातवा महिना आहे. पाणी उकळूनच द्या. डोळे पिवळे दिसले तर थेट दवाखाना.

रागवा, पण ऐका.

कोल्हापूर, १७ जून

वन्संना स्वप्नालीचा नमस्कार.

तुमचं पत्र मामंजींनी मोठ्यानं वाचलं आणि हसून खिशात घातलं. काल माझे डोळे हळदीसारखे पिवळे दिसले. मामंजी म्हणाले, थांब, बुवा स्टेजवरच माळ घालतील, गावालाबी पटंल. मी म्हटलं, मला जगायचंय, स्टेजवर चढायचं न्हाय. सासूबाईंना घेतलं आणि मिळाली ती एसटी धरली. बस सुटली तेव्हा मामंजी माइकवरून सांगत होते, माळेला विज्ञानाचा पाठिंबा हाय!

इथल्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणतात, यावर खास औषध न्हाय, यकृताला सांभाळत वाट बघायची. भीती वाटते. बाळ हललं की धीर येतो.

आठवण काढत जा.

कोल्हापूर, ३० जून

चि. अनुजास आशीर्वाद.

स्वप्नालीचे डोळे निवळले, बाळबी ठीक हाय. त्या दिवशी बुवांना हार घालून वळलो, तर सून न्हाय, बायको न्हाय. शाल खांद्यावर तशीच, मोटरसायकल काढली. हितं पोरीचा चेहरा बघितला. तवापासून दवाखान्याच्या व्हरांड्यातच बसून हाय. तुझ्या त्या पेशींना मनात हात जोडत हुतो.

काल डॉक्टर म्हणाले, हिच्या यकृतानं विषाणूचं काही चालू दिलं न्हाय. म्हटलं, डॉक्टर, हिच्यापुढं घरात माझं तरी कुठं चालतंय!

माया पातळ करू नकोस.

तुझा,
सयाजीकाका