म्हाताऱ्याची डुलकी

बाबा, आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय. तुम्ही गेलात म्हणून ते संपलं असं तुम्हाला वाटत असेल, पण मी काही ते सोडलेलं नाही. त्या दिवशी मी मोठ्या उत्साहाने तुम्हाला माझ्या कॉम्प्युटरवर ॲनिमेशनच्या क्लासमधलं काम दाखवत होते. स्क्रीनवर एक हात होता, पाण्याचा तांब्या उचलणारा. तुम्ही चष्मा पुसलात, वाकून बघितलंत, मग एखादी मोटर सापडेल या आशेने कॉम्प्युटरच्या डब्यामागेही डोकावलंत आणि म्हणालात, "ह्येच्यात तुझो हात खंय लागलो गो?" मी चिडले. म्हटलं, सगळं मीच केलंय. तुम्ही म्हणालात, "केलंस तां खरां, पण लागलो खंय?" शेवटी आई मधे पडली, तिने दोघांना जेवायला बसवलं आणि आपण फुगलेल्या तोंडांनी बांगड्याचं तिखलं जेवलो. पुढचा गणपती तुम्ही पाहिला नाहीत. आता मरोळला अख्खा मजला भरून मुलं माझ्याबरोबर काम करतात, तरी नवीन सिनेमा सुरू झाला की आधी तुमचा तो प्रश्न कानात येतो, आणि त्याला उत्तर द्यायचं राहूनच जातं.

मुलुंडला चाळीमागच्या मंडळात तुमचा हलता देखावा असायचा. दिवसभर तुम्ही कारखान्यात फिटर, पण श्रावण लागला की घरी येऊन चहाचा कप रिकामा केलात की थेट मांडवात. भंगारातून आणलेल्या वायपरच्या मोटरी, सायकलच्या चेनी, दोऱ्या, जुन्या साड्यांचे पडदे. एकदा आईची चांगली, लग्नाकार्यात नेसायची साडी समुद्र झाली होती. त्यावरून घरात जे काही झालं ते मी इथे लिहीत नाही. आणि तुमच्या बाहुल्यांचे चेहरे, खरं सांगू, भयंकर असायचे. बाई असो की बाप्या, सगळे शेजारच्या भाऊंसारखे दिसायचे, मिशांसकट. भाऊंनाही ते कळायचं, पण बिचारे दरवर्षी वर्गणी द्यायचे.

एका वर्षी देखाव्यात कोकणातलं गाव होतं. बाई सुपात तांदूळ पाखडतेय, गडी विहिरीवर रहाट ओढतोय, आणि ओटीवर बसलेला म्हातारा मान डोलावून येणाऱ्या-जाणाऱ्याला 'या, बसा' म्हणतोय. म्हणजे म्हणायला हवा होता. मी पडद्यामागे तुमच्याजवळ उभी आहे, तुम्ही मोटर चालू केलीत, आणि कुठलीतरी गाठ सैल पडली. म्हाताऱ्याची मान हळूहळू खाली गेली, मध्येच अडकली, दचकून वर आली, अर्ध्यावर थांबली आणि पुन्हा छातीवर पडली. बाहेर एकदम हशा पिकला. कोणीतरी ओरडलं, "अरे डुलकी बघ डुलकी! सेम माझा बाप!" तुमचा चेहरा एवढासा झाला. "माझो म्हातारो झोपलो!" म्हणत तुम्ही पक्कड घेऊन निघालात, तर कार्यकर्त्याने तुमचा दंड धरला. "काका, काही करू नका. पब्लिक थांबलंय." आणि खरंच थांबलं होतं. रोज दर्शन घेऊन पुढे सटकणारी माणसं रांग अडवून उभी होती आणि मागचे शिव्या घालत होते. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही अख्ख्या चाळीला सांगत सुटलात की ते मुद्दामच केलं होतं. मलाही तसंच शिकवलंत, अगदी जन्मभराचं ज्ञान असल्याच्या थाटात. दोरी ताणून बांधायची नाही. "वायच ढील दी त्येका. माणूस आसा तो, पंखो न्हय."

तुम्ही गेल्यावर कॉलेजातल्या एका मित्राबरोबर मी मरोळच्या एका गाळ्यात काम सुरू केलं. खालच्या गाळ्यात पत्रा कापायचं मशीन होतं, त्याच्या धक्क्याने आमची टेबलं थरथरायची. परदेशातली कामं मिळायची. त्यांची पात्रं, त्यांच्या गोष्टी, आम्ही फक्त हलवून द्यायची. पोट भरत होतं, मन नाही. मग स्वतःचं काहीतरी करू म्हणून एक छोटी फिल्म घेतली: सोसायटीच्या गेटवर खुर्चीत पेंगणारा वॉचमन आणि त्याला चुकवून आत शिरू बघणारी मांजर. कॉम्प्युटरचं असं आहे बाबा, की आपण दोन टोकं द्यायची, मान वर आणि मान खाली, मधलं सगळं तो स्वतः भरतो, अगदी गुळगुळीत. आमचा वॉचमन इतका गुळगुळीत पेंगत होता की मित्राने कपाळावर हात मारला. "वाट लागली यार. हा झोपलाय की बंद पडलाय?" मी मित्राला कॉम्प्युटरसमोरून उठवलं, त्याच्या खुर्चीत बसले, मधलं सगळं पुसून टाकलं आणि एकेक चित्र स्वतः लावायला घेतलं. मान निम्म्यावर अडकवली, दचकवली, पुन्हा सोडली. बघताना मित्र हसतच सुटला. "काय केलंस गं हे?" मी म्हटलं, "काही नाही, ढील दिली."

तोच शब्द आमच्याकडे चिकटला. आज स्टुडिओत कुठकुठली मुलं आहेत, मराठीचा गंध नसलेली, पण तीही एकमेकांना सुनावतात, "शॉट में ढील नहीं है." वॉचमन मुलांच्या चॅनेलने उचलला, त्याची मालिका झाली, मग सिनेमा, आणि आता दुसरा सिनेमा चालू आहे. "तुमची स्टाइल आली कुठून?" असं कोणी मला विचारलं की मी सांगते, मुलुंडच्या एका सैल गाठीतून. लोकांना वाटतं मी गंमत करतेय.

आज हे लिहायला बसले त्याला कारण आहे. मानखुर्दहून येणारी एक मुलगी आमच्याकडे नवीन लागलीय, कामाला चोख आणि बोलायला कमी. तिच्याकडे म्हाताऱ्या वायरमनचा एक साधा शॉट होता: तो येतो आणि मेन स्विच चालू करतो, बस्स. तिने तो मला लावून दाखवला. वायरमन स्विचपाशी येतो, थांबतो. उजवा तळवा शर्टाला पुसतो, आधी पुढून, मग मागून. तोंड जरासं मागे घेतो आणि मगच बटण दाबतो. बाबा, ते तुम्ही होतात. मांडवात ओल्या हाताने शॉक बसल्यापासून तुम्ही घरातला दिवा लावतानाही असंच करायचात. तुमचा एकही व्हिडिओ नाही. जे चार फोटो आहेत त्यांत तुम्ही शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखे ताठ उभे. मी विचारलं, "हे कुठून आणलंस?"

ती घाबरली. "सॉरी मॅडम. नको असेल तर काढते."

"काढू नकोस गं. कुठून आणलंस ते सांग."

तिने बाकीच्यांकडे बघितलं, सगळे गालात हसत होते. "मॅडम, तुमचंच आहे ना ते. प्ले दाबायच्या आधी तुम्ही रोज कुर्त्याला हात पुसता, आणि तोंड असं मागे. पूर्ण फ्लोअरला माहितीय."

मला माहीत नव्हतं. माउसचा कोणाला शॉक बसतो? मी आपल्या तळव्याकडे बघत राहिले आणि मुलांनी सभ्यपणे चहा मागवला. शॉट ठेवलाय. संध्याकाळी घरी आल्यावर कागद घेतला, म्हटलं, आता तुम्हाला सांगून टाकू की हात कुठे लागला, तुमच्याकडून माझ्याकडे आणि माझ्याकडून तुम्हाला कधी न पाहिलेल्या पोरीकडे कसा गेला. एकदाचं तुम्हाला गप्प करू. आणि आता सगळं लिहून झाल्यावर कळतंय की मला तुम्हाला गप्प करायचंच नाहीये. इतकी वर्षं कामाला बसले की तुम्ही भांडायला म्हणून का होईना, मागे येऊन उभे राहता. उत्तर मिळालं तर 'बरां' म्हणाल आणि निघून जाल. म्हणून हे तुम्हाला दाखवत नाही. तुम्ही आपले विचारत राहा.