मुडद्यांची मालिका आणि माझी मूठ

२४ जुलै, गुरु.
दिवसभर दुकानात साड्यांच्या घड्या, वर शेठची किरकिर. डोकं फिरलेलं. तरी घाईनं घरी आले, मुडद्यांच्या मालिकेसाठी. दादा माझ्यासाठी थांबला होता. सासर कायमचं सोडून आले तेव्हापासून आमचं हे चाललंय. वहिनी म्हणते, असली कुजकी तोंडं बघत जेवता कसं? पण मुडदे बघतंय कोण! मी माणसं बघते. जग बुडालंय, मुडदा ज्याला चावतो तोही मुडदा होतो. फाटकाशी कुणी आलं तर एकच विचारतात, चावलंय का? नाही ना? मग ये आत, जेव. माहेर कुठलं, नवरा का सोडला, काही नाही.

२७ जुलै, रवि.
आज मालिकेत एक बाई फाटकाबाहेर. एकटी. मागून मुडदे येतायत आणि आतले वाद घालत बसलेत. तिला आत घ्या म्हणून दादा टीव्हीवरच ओरडला, "ल्या ना रे तिले मझार, मरी जाई ती." डोळे भरून आले त्याचे. माझेही. भाऊ असावा तर असा, वाटलं.

१ ऑगस्ट, शुक्र.
रविवारी कानबाई देवी बसणार. आईनं गहू काढले. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. त्या पिठाचे नैवेद्याचे रोट, घरच्यांनीच खायचे. बाबांची मूठ, दादाची, त्याच्या रांगत्या बंटीचीसुद्धा. वहिनीला रोट चालतात, ती ह्या घरात आली म्हणून. मला नाही, मी गेलेली म्हणून. गहू निवडले कोणी? मी! परत आलेय ना, म्हटलं. आई म्हणाली, "तू आते परघरनी शे." दादा तिथंच बसलेला, मोबाइलमध्ये तोंड घालून. टीव्हीतल्या बाईसाठी रडणारा हाच तो. इतका संताप आला की

२ ऑगस्ट, शनि.
केलं मी. सगळ्यांसमोर कोठीत हात घातला, सव्वा मूठ काढली, टोपल्यात टाकली. "ही रंजनाची," म्हटलं आणि सगळे गहू हलवून टाकले. आई दादाला म्हणाली, काढ ती. त्यानं टोपल्यात हात घातलाही. घातला! मग आईच घाबरली. "थांब. तुन्ही मूठ निंघी गई ते?" त्याचा हात गव्हातच राहिला. मग बंटीचं नाव निघालं, मग बाबांचं. हात लावायची कुणाची छाती होईना. शेवटी तसेच घरघंटीत दळले. आईनं बोलणं टाकलंय. टाकू दे.

४ ऑगस्ट, सोम.
कानबाईला तापीवर पोचवून आलो. खूप नाचले, रागानंच नाचले. घरी सगळ्यांना रोट, खीर, गंगाफळाची भाजी. माझ्या ताटात पोळी. जेवता जेवता दादानं मालिका लावली, मला हाक मारली, काही घडलंच नसल्यासारखी. मी दारातच उभी राहिले. म्हटलं, "मला कुठं चावलंय का, ते आधी बघून घे."

त्यानं मालिका थांबवली. ताटात अर्धा रोट होता. बराच वेळ त्यावर हात ठेवून बसला. खाल्ला नाही, मला घे म्हणाला नाही. आई दोघांकडे बघत होती. मग उठला, रोट वाटीखाली झाकून ठेवला आणि बाहेर गेला.

अजून तसाच झाकलेला आहे. मी मागणार नाही, मेले तरी.

शनिवारी पौर्णिमा. तोवर रोट संपलेच पाहिजेत, असा नेम आहे. राखीही त्याच दिवशी. मी अजून आणलेली नाही.