खोली मोकळी करू नका

अहो,

उद्या सकाळी एक जण आपल्या लातूरच्या घराचे फोटो काढायला येणार आहे. वरच्या दोन खोल्या क्लासच्या मुलींना भाड्यानं द्यायच्या ठरवल्यात, जेवण खाली माझ्याकडेच. त्याची जाहिरात. फोनवर म्हणाला, "काकू, सामान हलवून ठेवा, आन् तुम्ही पण मधे येऊ नका. सगळं मोकळं दिसलं पाहिजे." मी हो म्हटलं. फोन ठेवला आणि इतकी रडले! तुम्हाला नाही तर कुणाला सांगू?

जन्मभर तुम्ही खोल्यांचेच फोटो काढलेत, पण मोकळ्या खोलीचा एक तरी काढलात का? "माणूस नसलेली खोली म्हंजे खोकं," म्हणायचात.

भूकंपानंतर पुनर्वसनातली नवी घरं टिपायला गेलात, तेव्हा आपलं नुकतंच लग्न झालं होतं. काम देणाऱ्या सरकारी साहेबांना घरात बसलेली कुटुंबं हवी होती. तुम्ही टिपून आणलीत घरात रचलेली ज्वारीची पोती, आणि उघड्या दारातून दिसणारी अंगणातली बाज. बाजेवर एक आजी. तुम्हाला म्हणाली होती, "छताखाली निजायचं न्हाई बाबा आता. आत दाणे ऱ्हातेत, आमी भाईर." साहेब चिडले, "माणसं आत बसवायची ना!" तुम्ही म्हणालात, "जिथं राहायलेत तिथंच घेतलो, साहेब."

मग गल्लोगल्ली क्लास आले, अभ्यासिका आल्या, त्यांच्या जाहिरातींचे फोटो तुमच्याकडे आले. मुलं तुम्हाला विसरेपर्यंत तुम्ही कोपऱ्यात कॅमेरा लावून बसायचात. एकदा एक मुलगी पुस्तकावर डोकं टेकून झोपली. संचालक कुजबुजले, "उठवा तिला!"

"राहू द्या सर. झोप लागली म्हंजे खुर्ची चांगली हाय तुमची."

घरी येऊन सांगताना किती हसलात! मीच मोडता घातला: तिला विचारलंत का? "उठल्यावर दाखवलो की. म्हणली, काका, गावाकडं आईला दिसू देऊ नका." तो फोटो तुम्ही कुणालाच दिला नाहीत. त्याच्या तोडीचा दुसरा जमला नाही, तरीही.

मला मात्र कधी विचारलंत? आपल्या घराच्या प्रत्येक फोटोत मी आहे. भाजी निवडताना, डायरी लिहिताना, पाठमोरी. तुम्ही एकातही नाही! भिंतीवर लावायला शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला. तो तुमच्यासारखा दिसत नाही हो.

नांदेडच्या दवाखान्यात त्या शेवटच्या दुपारी समोरच्या खाटेवर एक बाई नवऱ्याला मोसंबी सोलून भरवत होती. "बघ, उजेड कसा पडलाय," तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, "बोलू नका, दम लागतोय." डॉक्टरांनीच तसं सांगितलं होतं. तरी रोज स्वतःला विचारते, बोलू द्यायला हवं होतं का? अजून काय दिसत होतं तुम्हाला?

शब्द देते. उद्या स्वयंपाकघरातून मी हलणार नाही, पोळ्या लाटत राहीन. फोटो बिघडला तर बिघडू दे. आणि मुली आल्या, रुळल्या, की त्यांना विचारून त्यांच्या खोलीचा फोटो मी काढीन, तुमच्या कॅमेऱ्यानं. शिकवायला तुम्ही नाही. तरी काढीन.

तुमच्या खोलीचा मात्र मागू नका. तिथं कोण आहे आता?

तुमची,
सुनंदा