दारातली माती

ब्राह्मणपारा, रायपूर

अनुश्री,

मलावीतल्या तुझ्या मिशनच्या खोलीचा फोटो आईनं दाखवला. तिथली भाषा शिकून राहिली म्हणते. 'आता हेच माझं घर' असंही लिहिलं तू.

तू ख्रिस्ती होऊन निघाली त्या सकाळी मी तुझ्याशी बोललो नाही. तुझी टॅक्सी वळली अन् मी, जन्मात झाडू न धरलेला माणूस, दार झाडायला लागलो. माणूस निघाल्याबरोबर घर झाडलं तर तो परतत नाही म्हणतात. मले माहीत होतं, म्हणूनच झाडलं.

आई ओरडली, "अहो, काहून झाडून राहिले? पोट्टी आत्ताच तर गेली!"

मी म्हटलं, "कचरा होता."

कचरा नव्हता, पोरी. तुझ्या चपलांची माती होती.

पत्र टाकायची हिंमत नसलेला,
तुझा बाबा